डेस्कटॉपमध्ये लिक्विड कूलिंग बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिक्विड कूलिंगबद्दल एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. पाणी काँप्युटर थंड करत नाही, ते फक्त उष्णता वाहून नेतं. थंड करायचं काम रेडिएटर (आतून पाणी वाहणारी धातूची दाट जाळी) आणि त्यातून जाणारी हवा करते. रेडिएटर कुठे लावायचा, पंप किती उंचीवर असावा, पंखे कुठल्या दिशेला फिरवायचे, या सगळ्याची उत्तरं यातूनच निघतात.

मला लिक्विड कूलिंगची खरंच गरज आहे का?

६५ वॉटच्या आसपासचा प्रोसेसर असेल तर नाही. चांगला टॉवर एअर कूलर (धातूच्या पट्ट्यांवर पंखा लावलेला उंच कूलर) त्याला सहज पुरतो, आणि त्यात बिघडण्यासारखा भाग एकच असतो, तो म्हणजे पंखा. तो बदलायला पाच मिनिटं लागतात.

गरज पडते ती प्रोसेसर बराच वेळ पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा. रायझन ९ ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत वीज ओढतो, कोअर आय९-१४९००के २५३ वॉटपर्यंत. व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा कोड कंपाइल करताना हा आकडा कितीतरी मिनिटं तसाच टिकतो. तिथे मोठा रेडिएटर उपयोगी पडतो. दुसरं कारण जागेचं: कॅबिनेट अरुंद असेल तर उंच टॉवर कूलर आत मावतच नाही, पण पातळ रेडिएटर मावतो. निव्वळ दिसायला छान म्हणून बसवायचं असेल तरी हरकत नाही, फक्त देखभालीची तयारी ठेवा.

पाण्याने प्रोसेसर खोलीपेक्षाही थंड होतो का?

नाही. रेडिएटर खोलीतल्या हवेवरच चालतो, त्यामुळे खोलीचं तापमान ही खालची हद्द. म्हणूनच साध्या लिक्विड कूलिंगमध्ये पार्टवर दव जमण्याची भीतीही नसते.

पाण्याचा फायदा वेगळा आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट जास्त उष्णता सामावून घेतं. त्यामुळे प्रोसेसरच्या इवल्याशा पृष्ठभागावरची उष्णता झटकन उचलून ती जागा ऐसपैस असेल तिथे नेता येते. खोलीत सोडली जाणारी एकूण उष्णता मात्र तेवढीच राहते. २५० वॉट आत गेले की २५० वॉट बाहेर येणारच, कूलर कुठलाही असो.

एआयओ घ्यावा की कस्टम लूप करावा?

एआयओ म्हणजे ऑल-इन-वन. पंप, ब्लॉक (प्रोसेसरला टेकून त्याची उष्णता पाण्याला देणारा धातूचा भाग), नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातच जोडून, कूलंट (उष्णता वाहून नेणारं द्रव) भरून सीलबंद केलेले येतात. बसवायला एखादी संध्याकाळ पुरते. कस्टम लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरण्याचा मार्ग आपणच जोडतो त्यात, प्रत्येक भाग वेगळा निवडायचा, नळ्या कापायच्या, फिटिंग (नळ्यांचे जोड) घट्ट करायची, कूलंट भरायचं आणि दरवर्षी ते बदलायचंही.

फक्त प्रोसेसर थंड करायचा असेल तर एआयओच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. कस्टम लूपचा खरा फायदा ग्राफिक्स कार्डही त्यात घेतलं की दिसतो. आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड ४५० वॉट वापरतं, म्हणजे बहुतेक वेळा प्रोसेसरपेक्षा जास्त उष्णता तिथे तयार होते आणि आवाजही तिथूनच येतो. ते कार्ड पाण्यावर आलं की काँप्युटर किती शांत होतो हे एकदा ऐकलं की त्या मेहनतीचं मोल कळतं. मात्र कार्डाचा ब्लॉक त्या नेमक्या मॉडेलच्या सर्किट बोर्डासाठी बनवलेला असावा लागतो. चिप तीच असली तरी दोन कंपन्यांच्या कार्डांचे बोर्ड वेगळे असतात, म्हणून ब्लॉक विकत घेण्याआधी सुसंगत कार्डांची यादी नीट वाचा.

रेडिएटर किती मोठा घ्यावा आणि तो मावेल का?

नावातला आकडा पंख्यांवरून येतो. १२० मिलिमीटरचे दोन पंखे म्हणजे २४०, तीन म्हणजे ३६०. १४० चे दोन म्हणजे २८०, तीन म्हणजे ४२०. मधल्या दर्जाच्या प्रोसेसरला २४० पुरतो. वर सांगितलेल्या मोठ्या प्रोसेसरना ३६० घ्या. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लूपमध्ये असतील तर दोन रेडिएटर धरून चला.

फसगत होते ती मापात. ३६० चा रेडिएटर ३६० मिलिमीटर लांब नसतो. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून तो ३९५ मिलिमीटरच्या आसपास भरतो. जाडीही मोजा: एआयओचा रेडिएटर साधारण २७ मिलिमीटर, त्यावर पंखा २५, म्हणजे ५२ मिलिमीटर. कॅबिनेटच्या छतापासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत तेवढी मोकळी जागा आहे का ते पट्टी लावून बघा. उंच हीट स्प्रेडर (उष्णता पसरवणारं धातूचं कवच) असलेली रॅम आणि प्रोसेसरला वीज देणारी वरच्या कोपऱ्यातली केबल, हे दोन अडथळे हमखास येतात. २८० चा रेडिएटर रुंदीलाही जास्त असतो, त्यामुळे तो रॅमला आणखी लवकर भिडतो.

रेडिएटर वर लावायचा, पुढे लावायचा की खाली?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर.

सीलबंद एआयओमध्येही थोडी हवा असते. नळ्यांच्या भिंतीतून वर्षानुवर्षं पाण्याची वाफ अगदी सूक्ष्म प्रमाणात निसटते आणि तिची जागा हवा घेते. हवा नेहमी लूपच्या सर्वांत उंच जागी जाऊन बसणार. ती जागा रेडिएटरची टाकी असेल तर काहीच बिघडत नाही. ती जागा पंप असेल तर पंप हवा घुसळत बसतो, खडखडतो, पाणी नीट ढकलत नाही, आणि त्याच्या बेअरिंगला वंगण म्हणून लागणारं पाणीच मिळत नसल्यामुळे लवकर झिजतो.

म्हणून नियम एकच: रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असलं पाहिजे. बहुतेक एआयओमध्ये पंप प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये असतो, तेव्हा छताला लावलेला रेडिएटर ही सर्वांत निर्धास्त जागा. पुढच्या बाजूला उभा लावला तरी चालतो, मात्र त्याचं वरचं टोक पंपाच्या वर हवं. नळ्या पुरत असतील तर नळ्यांची बाजू खाली ठेवा. मग हवा वरच्या टाकीत अडकून राहते आणि नळ्यांच्या तोंडाशी येत नाही. नळ्या पुरत नसतील तर त्या वर ठेवूनही काम भागतं, सुरुवातीला खळखळ जरा जास्त ऐकू येते एवढंच. कॅबिनेटच्या तळाला मात्र एआयओचा रेडिएटर लावू नका. तिथे पंपच सर्वांत उंच भाग ठरतो.

आता वर की पुढे? पुढे लावला तर रेडिएटरला बाहेरची ताजी हवा मिळते आणि प्रोसेसर थोडा जास्त थंड राहतो, पण तीच तापलेली हवा ग्राफिक्स कार्डावर जाते. वर लावला तर उलट: कार्डाला ताजी हवा आणि रेडिएटरला आतली कोमट. गेम खेळणाऱ्यांनी वर लावावा. गेममध्ये कार्ड जास्त तापतं, प्रोसेसर नाही.

पंख्याची दिशा कशी ओळखायची?

पंख्याची जी बाजू मोकळी दिसते तिथून हवा आत येते. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे असतात तिथून बाहेर पडते. बऱ्याच पंख्यांच्या कडेला बाणही असतात. काही कंपन्या उलट्या पात्यांचे पंखे विकतात, त्यामुळे शंका असेल तर चालू करून समोर कागदाचा तुकडा धरा. रेडिएटरच्या दाट जाळीतून हवा रेटायची असल्यामुळे जास्त स्टॅटिक प्रेशरचे पंखे निवडा. पंखे रेडिएटरमध्ये हवा ढकलोत वा त्यातून खेचोत, तापमानात फार फरक पडत नाही.

ब्लॉक बसवण्याआधी काय तपासायचं?

सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) आणि त्यासोबतचं ब्रॅकेट (ब्लॉक घट्ट धरणारी चौकट). इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर असतात, एलजीए १७०० ची ७८ मिलिमीटरवर. जुन्या कूलरचं ब्रॅकेट नव्या बोर्डवर जबरदस्तीने बसवू नका, दाब एकसारखा पडणार नाही. एलजीए १८५१ ला १७०० चंच ब्रॅकेट चालतं. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ मध्ये बहुतेक कूलर बोर्डासोबत आलेली मागची पट्टी वापरतात, फक्त वरची प्लास्टिकची ब्रॅकेट काढायची असतात. एएम५ मध्ये तीच पट्टी सॉकेटही धरून ठेवते, तिला हात लावू नका.

आणखी एक, साधं पण महत्त्वाचं: ब्लॉकच्या तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते. ती काढायची राहिली तर सगळी मेहनत वाया जाते.

थर्मल पेस्ट किती लावायची? स्क्रू किती घट्ट करायचे?

ब्लॉकला कारखान्यातूनच पेस्ट लावून आली असेल तर वेगळी लावू नका. नसेल तर प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरे. मोठ्या चौकोनी प्रोसेसरवर मधल्या थेंबासोबत चार कोपऱ्यांकडे छोटे ठिपके दिले की पेस्ट कडेपर्यंत नीट पोचते. जास्त पेस्टने तापमान फारसं बिघडत नाही, पसारा होतो. कमी पेस्टने मात्र बिघडतं.

स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, एकेकाला दोन-दोन वेढे देत घट्ट करा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर ब्लॉक तिरका बसतो आणि पेस्ट एकाच बाजूला सरकते. बहुतेक स्क्रूंना शेवटी अडणारा टप्पा असतो. तो आला की थांबा. ब्लॉक एकदा उचलला तर पेस्ट पुसून नवी लावायची, जुन्यावर पुन्हा टेकवायचा नाही.

वायरी कुठे जोडायच्या?

एआयओचा पंप मदरबोर्डवरच्या एआयओ पंप लिहिलेल्या हेडरला (वायर जोडायच्या पिनांना), पंखे सीपीयू फॅनच्या हेडरला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पंपाचा वेग १०० टक्के ठेवा. पंप कमी-जास्त करून आवाजात फार फरक पडत नाही, पंखे कमी-जास्त करून पडतो. सीपीयू फॅनचं हेडर रिकामं ठेवलं तर बरेचसे बोर्ड सुरू होताना फॅन एररचा मेसेज देतात. पंपाला साटा पॉवर (पॉवर सप्लायमधून येणारी चपटी केबल) लागणारा एआयओ असेल तर बोर्डवरची यूएसबी २.० ची ९ पिनची केबलही जोडावी लागते, नाहीतर सॉफ्टवेअरला तो दिसत नाही.

कस्टम लूपमध्ये वापरला जाणारा डी५ प्रकारचा पंप मात्र बोर्डच्या हेडरवरून चालवू नका. तो २३ वॉटपर्यंत घेऊ शकतो आणि साधं फॅन हेडर सहसा १ अँपिअर, म्हणजे १२ वॉट देतं. त्याला वीज थेट पॉवर सप्लायमधून द्या, बोर्डला फक्त वेगाची वायर जोडा.

दिव्यांची वायर जोडताना डोळे उघडे ठेवा. ३ पिनवाली एआरजीबी ५ व्होल्टवर चालते, ४ पिनवाली साधी आरजीबी १२ व्होल्टवर. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टच्या हेडरला जोडले की ते जळतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर खळखळ ऐकू येते. बिघाड आहे का?

बहुधा नाही. वाहतुकीत हलून हवेचे बुडबुडे सगळीकडे पसरलेले असतात. पंप चालू असताना कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलंडवा, बुडबुडे टाकीत जाऊन बसतात. काही दिवसांत आवाज थांबतो. थांबला नाही, तर पंप सर्वांत उंच जागी तर नाही ना, ते तपासा.

कस्टम लूपमध्ये आधी प्रोसेसर की आधी रेडिएटर? क्रमाने फरक पडतो का?

जवळजवळ नाहीच. हिशेब करून बघा. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर २५० वॉटच्या प्रोसेसरमधून जाताना पाणी एक अंशाहूनही कमी तापतं. म्हणजे लूपमधलं सगळं पाणी जवळपास एकाच तापमानाला असतं. नळ्या जिथून सरळ आणि आखूड जातात तो क्रम धरा. एकच अपवाद पाळा: रिझर्व्हॉयर (कूलंटची टाकी) पंपाच्या लगेच आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवा, म्हणजे पंपाच्या तोंडाशी कायम पाणी राहील.

साधं नळाचं पाणी का चालत नाही?

त्यातले क्षार ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत साचतात. डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण नुसतं नाही: शेवाळ होऊ नये म्हणून बायोसाइड आणि गंज रोखणारं द्रव्य त्यात घालावंच लागतं. तयार कूलंट घेतलं की दोन्ही त्यात येतं, आणि पहिल्यांदा करणाऱ्यांनी तेच घ्यावं. रंगीत अपारदर्शक कूलंट फोटोत सुरेख दिसतं, पण त्यातले कण कालांतराने खाली बसतात. रोजच्या वापराच्या मशिनमध्ये पारदर्शकच घाला, रंग हवा असेल तर नळी रंगीत घ्या.

डिस्टिल्ड वॉटर वीज वाहून नेत नाही, म्हणून गळलं तरी चालेल, हा समज खोटा आहे. लूपमध्ये फिरताना त्यात धातूंचे आयन मिसळतात, बोर्डवर पडलं की धुळीतले क्षार मिसळतात, आणि ते वीज वाहून नेऊ लागतं.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वापरले तर?

वापरू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी असलं की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा दिलेलं तांबं एकत्र चालतं. बऱ्याच एआयओमध्ये तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर असतो हे खरं, पण त्यातलं कूलंट गंजरोधक द्रव्यांसह नेमकं त्यासाठीच बनवलेलं असतं. म्हणूनच एआयओ उघडून त्यात साधं पाणी भरण्याचा उद्योग करू नये.

मऊ नळ्या की कडक?

पहिल्या लूपला मऊ. कापायला सोप्या, चुकलं तर नवा तुकडा घेता येतो, आणि पार्ट बदलताना वाकतात. कडक नळ्यांत पीईटीजी (एक प्रकारचं प्लास्टिक) तापवून वाकवायला सोपी, पण गरम कूलंटने लवकर मऊ पडते. अ‍ॅक्रिलिक जास्त उष्णता सोसतं, पण कापताना तडकतं. कडक नळी कापल्यावर तिची कड घासून गोल करा. धारदार कड फिटिंगमधलं ओ-रिंग (रबराचं गोल कडं) चिरते आणि गळती नेमकी तिथून सुरू होते.

कूलंट कसं भरायचं आणि गळती कशी तपासायची?

नवा रेडिएटर आधी गरम डिस्टिल्ड वॉटरने हलवून हलवून धुवा. सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स आणि धातूचा चुरा निघतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

भरताना फक्त पंपाला वीज मिळायला हवी, बाकी कशालाही नाही. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, ड्राइव्ह यांच्या सगळ्या पॉवर केबल काढून ठेवा. पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगला जंपर (ठरावीक पिना एकमेकींना जोडणारा छोटा प्लग) लावला की बोर्डशिवाय तो सुरू होतो. असा जंपर तयार मिळतो, तोच घ्या.

रिझर्व्हॉयर काठोकाठ भरा, पंप सुरू करा. पातळी काही सेकंदांत झपकन उतरते. ती तळाला जाण्याआधी पॉवर सप्लायचं बटण बंद करा, पुन्हा भरा, पुन्हा सुरू करा. असं पातळी स्थिरावेपर्यंत करत राहायचं. एक हात कायम बटणावर ठेवा, कारण पंप कोरडा फिरता कामा नये. सुरुवातीला कूलंट दुधाळ दिसतं, ते बारीक बुडबुड्यांमुळे. काही तासांत निवळतं.

प्रत्येक फिटिंगखाली पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा आणि फक्त पंप चालू ठेवून २४ तास जाऊ द्या. टिश्यूवर ओल दिसली तर ती जागा लगेच सापडते. हाताने पंप करायचा हवेचा टेस्टर मिळाला तर आणखी चांगलं: कूलंट भरण्याआधीच साधारण अर्धा बार दाब देऊन काटा खाली येतो का ते बघता येतं. आणि लूप जोडतानाच सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा व्हॉल्व्ह बसवा. पुढच्या वर्षी कूलंट बदलताना त्याची किंमत कळेल.

तापमान किती असलं म्हणजे ठीक?

आकडा पाहून घाबरू नका, प्रोसेसर कुठला ते बघा. रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या आय९ ची मर्यादा १०० अंश आहे. कस्टम लूपमध्ये कूलंटचं तापमान जास्त बोलकं असतं. भाराखाली ते खोलीपेक्षा १० ते १५ अंश वर असेल तर उत्तम. ६० अंशांपर्यंत ते कधीच जाऊ देऊ नका, पंप आणि नळ्या दोन्हींना धोका असतो.

तपासणी पाच मिनिटांची करू नका. पाणी सावकाश तापतं, खरं तापमान अर्ध्या तासाने स्थिरावतं. पंख्यांचा वेग शक्य असेल तर कूलंटच्या तापमानावर बांधा. प्रोसेसरच्या तापमानावर बांधला तर एखादं ब्राउझर उघडलं तरी पंखे घोंगावतात.

पंप बंद पडला हे कसं ओळखायचं?

काही काम चालू नसतानाही तापमान मिनिटाभरात ९० च्या घरात जातं. मग दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. पाणी नीट फिरत असेल तर दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागतात. एक चटका देते आणि दुसरी गार आहे, तर पाणी फिरत नाही. काँप्युटर बंद करा आणि आधी पंपाची वायर तपासा. पुष्कळदा तीच निसटलेली असते.

देखभाल किती करावी लागते?

दोन-तीन महिन्यांनी रेडिएटरच्या जाळीतली धूळ उडवा, पंखे हाताने धरून ठेवून. कस्टम लूपचं कूलंट वर्षातून एकदा बदला, त्याआधीच रंग बदलला किंवा गढूळ झालं तर तेव्हाच. एआयओत काही करायचं नसतं. वॉरंटी बहुधा ५-६ वर्षांची असते, त्यानंतर तो बदलण्याचा विचार ठेवा.

गळती झालीच तर?

शटडाउनची वाट बघू नका. भिंतीवरचं बटण थेट बंद करा आणि प्लग काढा. वीज तुटली की निम्मं नुकसान टळतं. ग्राफिक्स कार्ड, रॅम काढा, ओल टिपून घ्या, भिजलेले भाग ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि निदान दोन दिवस पंख्याखाली सुकू द्या. घाईने सुरू करून बघण्याचा मोह टाळा. भिजून नीट सुकवलेले पार्ट बऱ्याचदा व्यवस्थित चालतात, ओले असताना वीज दिलेले सहसा नाही.

सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या. काही कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड आणि विषारी आहे, त्यामुळे लहान मुलं आणि पाळीव प्राणी तिथे जाऊ देऊ नका. उरलेल्या कूलंटच्या बाटलीवर नाव लिहून ती कुलुपात ठेवा, पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ओतू नका.